डॉक्टर टॉमस ॲडिसन

ॲडिसन हे नाव कानी पडताच आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांस विजेच्या दिव्याची आठवण होते. आणि इंग्रजी निबंधांची ज्यांस गोडी आहे त्यांस स्पेक्टेटर पत्राचे लेखक जोसेफ ॲडिसन आठवतात. दिव्याचे जनक ते एडिसन; त्यांचा देश अमेरिका. आम्ही ज्यांचे चरित्र येथे सांगण्याचे योजिले आहे ते डॉक्टर टॉमस ॲडिसन ह्या दोघांहून निराळे. ते लंडन येथील गाय्ज रुग्णालयात छत्तीस वर्षे वैद्य होते, आणि त्यांची कीर्ती ज्या शोधावर उभी आहे तो शोध एका लहानशा अवयवाविषयीचा आहे. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली, वजनाने जेमतेम चार-पाच ग्रॅम भरणारी अधिवृक्क नावाची ग्रंथी तो अवयव होय. शरीरात अशा ग्रंथी दोन असतात, उजवीकडे एक व डावीकडे एक. ह्या ग्रंथींत क्षय शिरला, किंवा दुसऱ्या एखाद्या अवयवात उपजलेला कर्करोग प्रवास करीत येथे येऊन बसला, म्हणजे मनुष्याची काय अवस्था होते, ह्याचा पहिला मागोवा ह्या पुरुषाने घेतला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील वाचकांस लंडनच्या वैद्याशी काय कर्तव्य, अशी शंका कोणी काढील. ती शंका आम्ही विसरलो नाही. परंतु प्रथम चरित्र सांगितले पाहिजे, कारण ते समजल्यावाचून उत्तर नीट समजावयाचे नाही.

टॉमस ॲडिसन ह्यांचा जन्म १७९३ च्या एप्रिल महिन्यात इंग्लंडच्या उत्तरेस न्यूकॅसल शहराजवळील लाँग बेंटन नावाच्या गावी झाला. वडील किराणा माल व पीठ ह्यांचा व्यापार करीत. घराण्याचे मूळ कंबरलंड परगण्यातील लॅनरकॉस्ट येथील; तेथे जुन्या मठाचे भग्नावशेष आहेत. ह्या गावाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. वडिलांची मिळकत बेताची होती, परंतु मुलाच्या शिक्षणात त्यांनी हात आखडता घेतला नाही. न्यूकॅसलच्या ग्रामर स्कुलात टॉमसने लॅटिन भाषेचा इतका अभ्यास केला की पुढे वैद्यकाची व्याख्याने ऐकताना तो आपली टिपणे लॅटिनमध्येच उतरून घेई. आमच्या वर्गात मराठी टिपण काढतानाही ज्यांची तारांबळ उडते त्यांनी ह्या गोष्टीचा विचार करावा.

मुलाने वकील व्हावे अशी पित्याची इच्छा होती. मुलाने ती मोडली आणि १८१२ साली एडिंबरो विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासास नाव घातले. तीन वर्षांनी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यास डॉक्टरची पदवी मिळाली. तेथून तो लंडनला आला. राजधानीत त्याची ओळख ना पाळख. परंतु डॉक्टर टॉमस बेटमन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाच्या हाताखाली त्यास काम करावयास मिळाले, आणि त्वचेकडे पाहण्याची विद्या त्याने त्यांच्यापाशी संपादिली. रोग्याच्या अंगावरील डाग कोठे आहे, कोणत्या रंगाचा आहे, कडेला फिका आहे की गडद आहे, हे सर्व सूक्ष्मपणे पाहण्याची सवय त्यांस तेव्हापासून जडली. आमच्या मते त्यांच्या भावी शोधाचे बीज येथेच पडले. ज्याची नजर त्वचेवर तयार झालेली नव्हती त्याने रोग्याच्या काळवंडलेल्या अंगाची वाट पोटातील ग्रंथीपर्यंत कधीच काढली नसती.

गाय्ज रुग्णालय हे टॉमस गाय नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने आपल्या संपत्तीतून उभारलेले. तेथे ॲडिसन प्रथम विद्यार्थी म्हणून शिरले, १८२४ साली साहाय्यक वैद्य झाले, १८२७ साली औषधिविज्ञानाचे व्याख्याते झाले आणि १८३७ साली पूर्ण वैद्य नेमले गेले. ह्याच काळात त्या एका रुग्णालयात तीन असामान्य पुरुष एकत्र आले होते. मूत्रपिंडाच्या विकारास ज्यांचे नाव मिळाले ते रिचर्ड ब्राइट. रसग्रंथींच्या एका घातक रोगास ज्यांचे नाव मिळाले ते टॉमस हॉजकिन. आणि तिसरे आमचे चरित्रनायक. एकाच छपराखाली तीन माणसे, आणि तिघांचीही नावे रोगांस चिकटून अमर झालेली, असा योग वैद्यकाच्या इतिहासात विरळा. ह्यांपैकी हॉजकिन हे शवविच्छेदनगृहाचे व संग्रहालयाचे काम पाहत. मृत रोग्याचे शरीर उघडून, जिवंतपणी दिसलेल्या लक्षणांचा आतील विकृतीशी मेळ घालून पाहणे, ही त्या काळी नवी असलेली पद्धती गाय्जमध्ये चांगलीच रुजली होती. ब्राइट व ॲडिसन ह्यांनी मिळून १८३९ साली वैद्यकावर एक पाठ्यग्रंथही प्रसिद्ध केला. त्यातील बहुतेक मजकूर ॲडिसन ह्यांचा, आणि आंत्रपुच्छाच्या दाहाचे त्यातील वर्णन आजही वाखाणले जाते.

स्वभावाने ॲडिसन कसे होते, हे सांगताना त्यांच्या शिष्यांस नेहमी अडचण पडे. अंगाने धिप्पाड, केस काळे, नजर भेदक, बोलणे तोलून-मापून आणि थोडेसे तुटक. नवख्यास ते गर्विष्ठ वाटत. निकट सहवासातील लोकांस मात्र ठाऊक होते की तो सर्व संकोच होता. सभेत बोलावयास उभे राहताना त्यांस आतून कंप सुटे आणि तो लपविण्याकरिता ते आवाज अधिक करडा करीत. खाजगी वैद्यकीत ब्राइट ह्यांनी पुष्कळ द्रव्य मिळविले. ॲडिसन ह्यांच्या दारी श्रीमंत रोग्यांची रीघ कधी लागली नाही. रोग कोणता हे शोधून काढण्यात ते एवढे गढून जात की त्यावर औषध लिहून देण्याचे कधी कधी त्यांस भान राहत नसे, अशी आख्यायिका आहे. हा गुण की दोष ह्याचा निर्णय आम्ही करीत नाही. रोग्यास तो दोषच वाटला असणार. तथापि ज्या काळी बहुतेक औषधे निरुपयोगी आणि कित्येक अपायकारक होती, त्या काळी रोगाचे खरे स्वरूप ओळखणारा मनुष्य पुढील पिढ्यांस अधिक उपयोगी पडला ह्यात संशय नाही. विद्यार्थी त्यांस भीत आणि त्यांच्यावर जीवही टाकीत.

आता त्या ग्रंथीकडे वळू. १५६४ साली इटलीतील शारीरशास्त्रज्ञ युस्टाशियस ह्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु तिचे कार्य काय, हे पुढे जवळजवळ तीनशे वर्षे कोणासही सांगता आले नाही. फ्रान्समधील बोर्दो येथील विद्वत्सभेने ह्या प्रश्नावर बक्षिसाचा निबंध मागविला होता. १७१८ साली त्या निबंधांचा निकाल सांगण्याचे काम प्रसिद्ध विचारवंत माँतेस्क्यू ह्यांच्याकडे आले, आणि एकही निबंध बक्षिसास पात्र नाही असे त्यांस सांगावे लागले. तेव्हापासून ही ग्रंथी म्हणजे निसर्गाने उगीच ठेवलेली एक गाठ, अशीच बहुतेकांची समजूत होती.

ॲडिसन ह्यांची वाट ह्या ग्रंथीकडे मुद्दाम गेली नव्हती. ते एका विलक्षण पांडुरोगाच्या मागे लागले होते. रोगी दिवसेंदिवस फिका पडे, थके आणि शेवटी मरे. रक्तस्राव नाही, जंत नाही, कर्करोग नाही, कारण म्हणून काही सापडेना. अशा रोग्यांची शवपरीक्षा करता करता त्यांस काहींच्या अधिवृक्क ग्रंथी बिघडलेल्या आढळल्या. १८४९ साली दक्षिण लंडनच्या वैद्यकसभेपुढे त्यांनी ही हकीकत सांगितली. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे सहा वर्षे त्यांनी एकेक रोगी जमविला आणि १८५५ साली रंगीत चित्रांसह एक पातळसा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात रोगी अवघे ११. शेकड्यांनी रोगी पाहणाऱ्या आजच्या संशोधकांस ही संख्या हास्यास्पद वाटेल. परंतु त्या अकरांचे वर्णन इतके रेखीव आहे की एक नवा रोग त्यातून स्पष्ट उभा राहिला. रोग्यास अतिशय ग्लानी येते. हृदयाची गती क्षीण होते. पोट बिघडते, ओकाऱ्या होतात. अन्नावरील वासना जाते. आणि त्वचा हळूहळू काळपट तांब्याच्या रंगाची होत जाते. मरणोत्तर पाहिले असता मूत्रपिंडावरील त्या दोन उपेक्षित ग्रंथी नासलेल्या सापडतात.

त्या ग्रंथी नासण्याचे कारण मात्र सर्वांत एक नव्हते. निम्म्याच्या आसपास रोग्यांत क्षय होता. एकाच्या ग्रंथी नुसत्याच सुकून गेल्या होत्या. आणि काहींत कर्करोग होता. तो त्या ग्रंथीत जन्मलेला नसून शरीराच्या दुसऱ्या भागातून तेथे पसरलेला. हीच गोष्ट पुढे वादाचे मूळ झाली. ग्रंथास विरोध करणाऱ्यांनी कर्करोगाने व्यापलेल्या अधिवृक्कांची उदाहरणे पुढे आणिली, ज्यांत रोग्याची त्वचा मुळीच काळवंडलेली नव्हती. ग्रंथी बिघडूनही लक्षणे नाहीत, तर ॲडिसन ह्यांचा सिद्धान्त कोठे राहिला, असा त्यांचा सवाल होता. एडिंबरोचे प्राध्यापक ह्यूज बेनेट ह्यांच्यासारखे मातबर लोक विरोधकांत होते. पॅरिस येथे मात्र त्रूसो नावाच्या थोर वैद्याने १८५६ साली ह्या रोगास ॲडिसन ह्यांचे नाव दिले. त्याच वर्षी ब्राउन-सेकार ह्यांनी दोन्ही ग्रंथी काढून टाकलेले प्राणी जगत नाहीत असे प्रयोगाने दाखविले. ॲडिसन ह्यांचे शिष्य सॅम्युएल विल्क्स ह्यांनी गुरूची बाजू निष्ठेने लढविली. परंतु त्यांनीही कर्करोगाची प्रकरणे बाजूस काढावी, खरा ॲडिसनचा रोग तो एकाच प्रकारच्या जुनाट विकृतीचा, असे मत दिले.

गुरू व शिष्य ह्यांत बरोबर कोण? आज ह्याचे उत्तर देता येते. शरीराची गरज भागविण्यास ग्रंथीचा अगदी थोडा अंश पुरतो. दोन्ही ग्रंथींच्या बाहेरील आवरणाचे दहा भाग केले तर त्यांतील नऊ नष्ट होईपर्यंत बहुधा काही कळत नाही. क्षय दोन्ही ग्रंथी समूळ खाऊन टाकतो, म्हणून त्याची लक्षणे ठळक दिसतात. पसरलेला कर्करोग पुष्कळदा एकाच ग्रंथीत किंवा दोहोंच्या काही भागातच असतो, म्हणून उरलेला अंश शरीराचा गाडा ओढीत राहतो. कर्करोगाने दोन्ही ग्रंथी पुरत्या व्यापल्या तर तो रोग होतोच, मात्र असे क्वचित घडते. तेव्हा विरोधकांनी पाहिलेली उदाहरणे खोटी नव्हती, आणि ॲडिसन ह्यांचा सिद्धान्तही खोटा नव्हता. ग्रंथीत कर्करोग असणे आणि ग्रंथी निकामी होणे ह्या दोन गोष्टींतील अंतर त्या काळी कोणास मोजता येत नव्हते, एवढेच.

कर्करोग ह्या ग्रंथीत येतो तो रक्तावाटे. एवढ्याशा अवयवास त्याच्या आकाराच्या मानाने रक्ताचा पुरवठा फार मोठा आहे. रक्ताबरोबर वाहत आलेल्या कर्करोगाच्या पेशींस येथे थारा मिळतो. अमेरिकेत १९५० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कर्करोगाने मेलेल्या १००० जणांच्या शवपरीक्षा होत्या. त्यांपैकी शेकडा २७ जणांच्या अधिवृक्कांत रोग पसरलेला आढळला. फुप्फुसाचा व स्तनाचा कर्करोग ह्या बाबतीत अग्रभागी आहेत.

येथे आमच्या प्रदेशाचा संबंध येतो. उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतून जो तेंदूपत्ता तोडला जातो त्याची विडी होते, आणि विडीच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. ज्या पानावर गावोगावच्या कुटुंबांचा उन्हाळा निभतो तेच पान कोणाच्या तरी छातीत रोग पेरते, हे सत्य कटू असले तरी सांगणे प्राप्त आहे. आमच्याकडील खर्रा हा मुख्यतः तोंडाचा वैरी. तंबाखू चघळणे व तोंडाचा कर्करोग ह्यांचा संबंध ज्यांनी आपल्या देशात संशोधनाने दाखविला त्यांत डॉक्टर वसंत रामजी खानोलकर हे मराठी गृहस्थ अग्रेसर होते. १९४१ साली मुंबईस टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तेथील प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. ॲडिसन ह्यांच्याप्रमाणेच तेही विकृतिशास्त्राच्या मेजावरून रोगाकडे पाहत.

दुसरी गोष्ट रंगाची. ॲडिसन ह्यांचे रोगी गोऱ्या कातडीचे. त्यांचे काळवंडणे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही ध्यानात येई. आपल्या माणसाचा वर्णच सावळा, आणि त्यात तो रानात, शेतात किंवा खाणीच्या तोंडाशी उन्हात राबणारा. त्याचे अंग काळे पडले तर त्याचा दोष उन्हास दिला जातो. तो थकला तर कष्टास, आणि वाळला तर उपासमारीस. म्हणून असा संशय आल्यास जाणता वैद्य चेहऱ्याकडे न पाहता तोंडाच्या आत पाहतो. हिरड्यांवर किंवा गालाच्या आतील बाजूस नव्याने आलेले काळे डाग, तळहाताच्या काळ्या झालेल्या रेषा, जुन्या व्रणाचा गडद पडलेला वण, ही चिन्हे सावळ्या मनुष्यातही लपत नाहीत. मात्र काहींच्या हिरड्या जन्मतःच काळसर असतात, म्हणून हा बदल नवा आहे किंवा कसे हे विचारावे लागते. उभे राहताच घेरी येणे आणि मीठ खाण्याची विलक्षण इच्छा होणे हीही खुणेची लक्षणे होत. शरीरातील मीठ धरून ठेवण्याचे काम हीच ग्रंथी करीत असल्यामुळे, ती निकामी झाली म्हणजे मीठ लघवीवाटे वाहून जाते. आपल्या देशात क्षय अद्याप हटलेला नाही. त्यामुळे युरोपात आता दुर्मिळ झालेले ॲडिसन ह्यांचे मूळ कारण आपल्याकडे आजही भेटते.

अशा रोग्याचे निदान झाले तर त्यास आज उपाय आहे, आणि तो ॲडिसन ह्यांच्या स्वप्नातही आला नसेल. ग्रंथीच्या बाहेरील आवरणातून निघणारा रस केंडल व राइखश्टाइन ह्यांनी १९३० नंतरच्या काळात शोधून काढला. १९५० साली त्यांस व डॉक्टर हेंच ह्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. तो रस गोळीच्या रूपाने नित्य घेऊन रोगी वर्षानुवर्षे जगतो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांस हाच विकार होता. १९४७ साली लंडनमध्ये तो ओळखला गेला आणि औषधाच्या बळावर त्यांनी पुढे राष्ट्राचा कारभार हाकला. ही गोळी मात्र एकदम सोडणे प्राणावर बेतते. ताप किंवा ओकाऱ्या सुरू झाल्या म्हणजे तिचे प्रमाण वैद्याच्या सल्ल्याने वाढवावे लागते. पसरलेल्या कर्करोगाची गोष्ट अधिक बिकट आहे. त्याचे मूळ दुसरीकडे असल्यामुळे उपचार त्या मुळावर व सर्व शरीरावर करावा लागतो. तरीही रोग एकाच ग्रंथीत असून इतरत्र आटोक्यात असेल तर निवडक रोग्यांत ती ग्रंथी शस्त्रक्रियेने काढतात किंवा नेमक्या जागी किरण देतात. आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. सीटी तपासणीत ह्या ग्रंथीवर गाठ दिसली की तो कर्करोगच असे नव्हे. निरुपद्रवी गाठीही पुष्कळांस असतात. तपासणीचा कागद हाती येताच घरी रडारड सुरू करणाऱ्यांनी हे वैद्यास अवश्य विचारावे.

ॲडिसन ह्यांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत दुःखद आहे. १८४७ च्या सप्टेंबरात, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांनी लॅनरकॉस्टच्या देवालयात एका विधवा बाईशी विवाह केला. तिची पहिली दोन मुले होती. त्यांस स्वतःस अपत्य झाले नाही. मनाची विषण्णता त्यांस पूर्वीपासून अधूनमधून ग्रासीत असे. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर ज्या मान्यतेची त्यांस अपेक्षा होती ती स्वदेशात मिळाली नाही, आणि विषण्णता वाढत गेली. १८६० च्या आरंभी मेंदूच्या विकाराचे कारण देऊन त्यांनी रुग्णालयातील काम सोडले व विद्यार्थ्यांचा पत्राने निरोप घेतला. हवापालटासाठी ते समुद्रकाठच्या ब्रायटन गावी गेले. त्यांच्या देखरेखीस माणसे नेमलेली होती. तरीही त्याच वर्षी २९ जून रोजी त्यांनी आपल्या हाताने आपल्या जीविताचा अंत केला. त्यांचे वय ६७ होते. शालेय चरित्रांतून ही गोष्ट बहुधा गाळली जाते. आम्ही ती गाळीत नाही, कारण मनाचा रोग हाही रोगच आहे. ज्याने दुसऱ्यांच्या व्याधी इतक्या बारकाईने पाहिल्या त्याच्या व्याधीवर त्या काळच्या वैद्यकापाशी इलाज नव्हता. आज तो आहे, आणि तसे दुःख ज्यास होत असेल त्याने ते एकट्याने सोसू नये.

काही प्रमुख वैद्यकीय पत्रांनी त्यांच्या मृत्यूची दखलही घेतली नाही. त्यांचे शव रेल्वेने उत्तरेस नेऊन लॅनरकॉस्टच्या जुन्या मठाच्या आवारात पूर्वजांच्या भूमीत पुरण्यात आले. आठ वर्षांनी, १८६८ साली, विल्क्स ह्यांनी एका सहकाऱ्यासह गुरूचे विखुरलेले लेख एकत्र करून छापले. ज्या पांडुरोगाच्या मागे लागून ते अधिवृक्कापर्यंत पोहोचले होते त्याचाही उलगडा पुढे झाला. १९२६ साली बोस्टन येथे मायनट व मर्फी ह्यांनी यकृताचा आहार देऊन ते रोगी जगविले, आणि आज ब जीवनसत्त्वाच्या बाराव्या प्रकाराची सुई त्यावर पुरते. त्या रोगासही कित्येक ग्रंथकार ॲडिसन ह्यांचेच नाव देतात.

गाय्जमध्ये जोसेफ टाउन नावाचा एक मेणाच्या प्रतिमा करणारा कसबी कारागीर होता. ॲडिसन ह्यांच्या देखरेखीखाली त्याने त्वचारोगांच्या शेकडो प्रतिमा बनविल्या, आणि त्यांचा अर्धपुतळाही त्यानेच घडविला. ह्या प्रतिमा व त्या तिघा वैद्यांच्या वेळचे शारीरिक नमुने लंडनच्या गॉर्डन संग्रहालयात जतन करून ठेवलेले आहेत. वैद्यकाचे विद्यार्थी आजही तेथे जाऊन ते न्याहाळतात.